मोबाइलचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे भाड्याच्या घरात राहिलेल्यांना सांगावे लागत नाही. भांडीकुंडी, गाद्या, देव्हारा, पुस्तकांची पेटी सगळे टेंपोत चढते आणि तरीही भिंतीतली खुंटी आणि परसातला कढीपत्ता मागे राहतोच. मोबाइल बदलताना असेच घडते. फरक एवढाच की, येथे काय आले आणि काय राहिले हे लगेच उमगत नाही. पंधरा दिवसांनी एखादी पावती, एखादा जुना निरोप शोधायला जावे आणि तो जागेवर नसावा, तेव्हा लक्षात येते. त्यातही अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जाणे सोपे. अँड्रॉइडवरून आयफोनवर, किंवा बटणांच्या जिओफोनवरून अँड्रॉइडवर जाणे, म्हणजे एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाणे, हे प्रकरण वेगळे आहे. गेली दोन-तीन वर्षे कळमनुरीत मित्रांची आणि नातेवाइकांची अशी बिऱ्हाडे हलवायला मला वारंवार जावे लागले. त्यातून जे समजले ते कलाशाखेच्या विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत मांडावे, म्हणून हा लेख.

प्रथम प्रणाली म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना विचारा, पूर्वी मुंबईला कसे जात होतात? उत्तर येईल, मनमाडला गाडी बदलून. मराठवाड्यातून जाणारी निजामाची रेल्वे मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली. मनमाडहून मुंबईकडे जाणारी ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतराची. माल तोच, माणसे तीच, इंजिनही धडधाकट; पण मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर चढूच शकत नाही. मग फलाटावर उतरायचे, बोचकी हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि पलीकडच्या गाडीत बसायचे. हिंगोलीवरून जाणारा पूर्णा-अकोला मार्ग तर २००८ मध्ये रुंद झाला, म्हणजे हा अनुभव अगदी जुन्या पिढीपुरताही नाही. फोनची कार्यप्रणाली ही अशीच रुळांची रुंदी आहे. आयफोनची प्रणाली ॲपल कंपनीची, तर अँड्रॉइड गूगलची. एकीसाठी बांधलेले ॲप दुसरीवर धावत नाही. त्याच नावाचे वेगळे ॲप तेथे मुद्दाम बांधावे लागते. आणि त्या ॲपने आपली नोंदवही कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, यावर ती पलीकडे वाचता येईल की नाही हे ठरते.

पुष्कळांना वाटते की फोन बदलणे ही हौसेची बाब आहे. सर्व वेळी तसे नसते. कित्येकदा घरच पाडले जाते आणि भाडेकरूला निघावे लागते. नोकियाच्या सिंबियन प्रणालीवर एके काळी आपला निम्मा बाजार उभा होता. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि सिंबियनचे दिवस भरले. पुढे मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला; पण विंडोज फोनही टिकला नाही. २०१९ संपता संपता त्यावरचे व्हॉट्सॲप बंद झाले. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबल्या. पण हे सारे शहरी वैभव झाले. खेड्यांत जास्त जाणवला तो जिओफोन. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत ठेवून तो घरोघर आला, त्याची प्रणाली कायओएस नावाची. २०१८ च्या सप्टेंबरात त्यावर व्हॉट्सॲप आले आणि शेतावरच्या आजोबांपासून सर्वांना फोटो पाठवता येऊ लागले. त्या व्हॉट्सॲपलाही जुने निरोप बाहेर जपून ठेवण्याची सोय नव्हती. त्यामुळे जिओफोनवरून अँड्रॉइडवर गेलेल्या कुटुंबांचा तो काळ, म्हणजे लग्ने, बारशी, टाळेबंदीतली खुशाली, बहुतांशी त्या फोनमध्येच राहिला. फोन आता कुठे कपाटात, कुठे मुलांच्या खेळण्यात आहे.

आता काय बरोबर येते ते बघू. नंबर येतो, कारण तो सिमकार्डावर आहे. सिमवर साठवलेली नावेही येतात. पण सिमची ओसरी लहान, साधारण अडीचशे नावांची. शिवाय देवनागरी अक्षराला तेथे इंग्रजी अक्षराच्या दुप्पट जागा लागते, म्हणून मराठीत लिहिलेले लांब नाव मध्येच तुटते. एसेमेसचेही तेच गणित. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर घातले की मर्यादा ७० वर येते, आणि तीही काना-मात्रा-वेलांट्या स्वतंत्र मोजून. ‘की’ हे आपल्याला एक अक्षर, फोनला दोन. म्हणून फोनमधली नावे सिमवर ठेवू नयेत. ती सर्व फोनना कळणाऱ्या व्हीकार्ड नावाच्या पद्धतीने एका फाइलीत काढावीत, किंवा जीमेलच्या खात्यात ठेवावीत. ते खाते आयफोनवरही उघडते.

नावे आली, पण सापडेनात, अशी तक्रार मात्र मी दोनदा ऐकली. ही गोष्ट आपल्या भाषेच्या वर्गात सांगण्याजोगी आहे. संगणकाला अक्षर दिसत नाही, क्रमांक दिसतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत १९९१ पासून देवनागरीला स्वतंत्र जागा आहे, आणि तिचा पाया भारतात तयार झालेल्या इस्की या संकेतावर घातलेला आहे. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५. कोणत्याही कंपनीच्या फोनवर, कोणत्याही देशात, २३२५ म्हणजे ‘क’. मराठीतला मजकूर आज एका प्रणालीतून दुसरीत सुखरूप जातो तो यामुळे. परंतु मराठीची काही खास अक्षरे आहेत आणि तेथे दोन वाटा पडल्या. ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावाआधी लागणारे अक्षर घ्या. पूर्वी ते ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देऊन करत. २००८ मध्ये युनिकोडने मराठीसाठी ‘ॲ’ ला स्वतंत्र क्रमांक दिला, २४१८. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका कीबोर्डने पहिल्या रीतीने साठवलेले वकीलसाहेब दुसऱ्या कीबोर्डने दुसऱ्या रीतीने शोधले, तर फोन म्हणतो असे कोणी नाही. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचेही तसेच. शेतकऱ्याचा, बिऱ्हाडाचा तो अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पुष्कळ ठिकाणी शोधताना हे दोन भिन्न शब्द ठरतात. प्रणाली बदलली की कीबोर्ड बदलतो, आणि कीबोर्ड बदलला की हा घोटाळा उघडा पडतो. यावर उपाय साधा आहे. नव्या फोनवर शोधताना वादग्रस्त अक्षर सोडून नावाचा पुढचा भाग लिहावा.

कीबोर्डाबद्दल आणखी थोडे. बोटांना सवय लागलेली असते, आणि ती सवय कोणत्याही फाइलीत भरून नेता येत नाही. आमच्यातील बहुतेक जण इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, ‘kasa’ च्या धर्तीवर. काही जण टंकलेखनाच्या परीक्षेसाठी इन्स्क्रिप्ट शिकलेले आहेत, आणि आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’वर हात बसलेला एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गात निघतो. आयफोनवर बाहेरचे कीबोर्ड बसवण्याची मुभा २०१४ मध्ये मिळाली. तोपर्यंत आहे त्यावर भागवावे लागे. शिकलेले शब्द मात्र जुन्या कीबोर्डाच्याच डोक्यात राहतात. ‘कयाधू’ लिहायला गेले की नवा कीबोर्ड पहिले काही दिवस भलतेच काही सुचवतो. माझा एक मित्र घरी उर्दू लिहितो. त्याचे अक्षर न् अक्षर पलीकडे पोचले. पण आयफोनवर जे नस्तालिकच्या उतरत्या वळणात दिसत होते, तेच अँड्रॉइडवर नस्ख वळणात, सरळ ओळीत दिसू लागले. मजकूर तोच आहे हे त्याला मान्य आहे. तरी, हे आमच्या घरचे अक्षर नव्हे, असे तो म्हणतो, आणि त्याचे मला पटते.

उर्दूचा विषय निघाला म्हणून सांगतो. अशी स्थलांतरे आपल्या भागाला नवी नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी कारभार उर्दूत चाले, आणि घरोघरचे जुने कागद मोडीत असत. पुढे शाळा-कचेऱ्यांत बाळबोध मराठी आली. हे योग्यच झाले, परंतु जुन्या कागदांतील मजकूर नव्या लिपीत उतरवून घ्यावा हे फारसे कोणाच्या मनात आले नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्यांच्या पेटीत आजा-पणजाचे कागद होते त्यांनाही ते वाचता येत नव्हते. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, फक्त वाचण्याची रीत हरवली होती. फोनमधल्या नोंदींचे नेमके हेच होते. त्या पुसल्या जात नाहीत, पण उघडणारा उरत नाही.

सर्वांत जास्त ही अडचण व्हॉट्सॲपच्या निरोपांची. अँड्रॉइडवर त्यांची प्रत गूगलच्या साठवणीत राहते, आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, आणि एकीची प्रत दुसरीला वाचता येत नाही. २०२१ पर्यंत तर दोहोंमध्ये अधिकृत वाटच नव्हती. त्या वर्षी आयफोनकडून अँड्रॉइडकडे जाण्याची सोय प्रथम सॅमसंगच्या फोनवर आली; उलट दिशेची, म्हणजे अँड्रॉइडकडून आयफोनकडे जाण्याची, २०२२ च्या जूनमध्ये. तिच्या अटी लक्षात ठेवण्यासारख्या होत्या. दोन्ही फोनवर एकच नंबर, दोन्ही एकाच वायफायवर, जुन्या फोनवर अँड्रॉइडची किमान पाचवी आवृत्ती, आणि आयफोन कोरा, म्हणजे एक तर नवा किंवा पुसून नव्यासारखा केलेला. आधी आयफोन सुरू करून चार दिवस मिरवायचा आणि मग निवांत निरोप आणायचे, हा क्रम त्यात बसत नव्हता. आजही हे काम फोन प्रथम सुरू करतानाच उरकणे शहाणपणाचे.

आखाडा बाळापूरच्या बाजूचा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडचा अँड्रॉइड फोन २०१४ चा, आवृत्ती ४.४. २०२३ मध्ये सूचना येऊ लागली की ऑक्टोबरपासून या आवृत्तीवर व्हॉट्सॲप चालणार नाही. त्याच सुमारास मामाने त्याला आपला वापरलेला आयफोन दिला. एरवी आनंदाची गोष्ट. पण जुन्या फोनमध्ये त्याच्या आईचे निरोप होते, आणि आई २०२१ मध्ये गेली होती. तिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे सगळे निरोप आवाजी. बस मिळाली का, जेवलास का, हळद शिजवायला माणूस मिळेना, येताना गोळ्या आण. एकेक निरोप दहा-बारा सेकंदांचा.

अधिकृत वाट बंद, कारण आवृत्ती पाचव्याच्या खालची. मग आम्ही फोनच्या आत शिरलो. अँड्रॉइडवर निरोपांची नोंदवही कुलूपबंद असते, पण आवाजी निरोपांच्या फाइली स्वतंत्र कप्प्यात उघड्या पडलेल्या असतात. प्रत्येक आठवड्याचा वेगळा कप्पा, त्यावर वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक. प्रत्येक फाइलीच्या नावात आठ अंकी तारीख असते, आणि पुढे त्या दिवसाचा अनुक्रम. साध्या वायरने फोन संगणकाला जोडला आणि सगळे कप्पे उचलून घेतले. मात्र तेथे एक गोष्ट नव्हती. नावात तारीख असते, माणसाचे नाव नसते. कोणी कोणाला पाठवले ही माहिती कुलूपबंद वहीत. म्हणजे आईचा आवाज, मित्रांचा, शेतमालाच्या व्यापाऱ्याचा आणि खुद्द त्याचा स्वतःचा, सगळे एका पोत्यात. त्याने ते पोते दिवाळीच्या सुट्टीत बसून निवडले. एकेक फाइल ऐकायची, आईची असेल तर बाजूला काढायची आणि नाव बदलून लिहायचे. ‘हळद’, ‘गोळ्या’, ‘मावशीचे लग्न’. आज त्या फाइली संगणकावर, पेन ड्राइव्हवर आणि आयफोनवर अशा तीन ठिकाणी आहेत, आणि व्हीएलसी नावाचे फुकट ॲप त्या कोणत्याही प्रणालीवर वाजवते. ऑपस नावाच्या ज्या पद्धतीने त्या साठवल्या आहेत, ती कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही, खुली आहे. म्हणून हे शक्य झाले.

फोटोंचे त्या मानाने सोपे. जेपेग ही पद्धत सर्वांना कळते. आयफोन मात्र २०१७ पासून हीक नावाच्या नव्या, कमी जागा घेणाऱ्या पद्धतीने फोटो काढू लागला, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आमच्या एकाला याचा प्रसाद मिळाला. फोटो उत्तम, पण संकेतस्थळ घेईना. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की फोन पुन्हा जेपेग काढू लागतो. आयक्लाउडमधले फोटो थेट गूगलकडे पाठवण्याची सोय ॲपलने २०२१ मध्ये केली. विकत घेतलेली ॲप येत नाहीत, ती पुन्हा विकत घ्यावी लागतात. आपल्यापैकी किती जण ॲप विकत घेतात हा प्रश्न वेगळा.

यूपीआयची भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. पैसे फोनमध्ये नसतातच, ते बँकेत असतात. नव्या फोनवर ॲप बसवले की ते त्या सिमवरून एक एसेमेस पाठवते आणि बँक खात्री करते की हा फोन आणि हा नंबर एकत्र आहेत. तेव्हा सिम नव्या फोनमध्ये हवे आणि एसेमेस पाठवण्याइतके रिचार्ज हवे. कित्येकदा सगळा अडथळा या रिचार्जचाच निघतो. डिजिलॉकरमधील गुणपत्रिकाही फोनमध्ये नसतात. आधारशी जोडलेला नंबर हाती असला की कोठूनही उघडतात.

येथे एक प्रश्न मनात येतो. नंबर तरी आपला कसा झाला? पूर्वी कंपनी बदलली की नंबर सोडावा लागे, आणि लग्नपत्रिकेवर छापलेला नंबर बदलू नये म्हणून लोक वाईट सेवाही सहन करीत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवला की काम सुरू. ही मुभा कंपन्यांच्या औदार्यातून आली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमातून आली. निरोप, नोंदी, फोटो यांच्याबाबत असा हक्क युरोपात २०१८ पासून कायद्यात आहे, आणि २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर त्याहून कडक बंधने आली आहेत. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे जे विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडले गेले, त्यात स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला होता. ते विधेयक मागे घेतले गेले आणि २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो हक्क नाही. याची चर्चा राज्यशास्त्राच्या वर्गात व्हायला हवी होती, असे मला वाटते. आपल्याकडे शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत, त्यामुळे हा प्रश्न मूठभर आयफोनवाल्यांचा समजला जातो. परंतु बटणांच्या फोनवरून आलेल्या खेड्यातील माणसाचे जे हरवले, ते याच हक्काच्या अभावी हरवले.

ज्यांना लवकरच फोन बदलायचा आहे त्यांच्यासाठी कामाचा क्रम तेवढा सांगतो. जुना फोन दुकानदाराला त्याच दिवशी देऊ नका. दोनशे-तीनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण पंधरा दिवस तो जवळ ठेवा. नावांची फाइल काढा, फोटो आणि आवाजी निरोप वायरने संगणकावर उतरवा. संगणक नसेल तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावरून पेन ड्राइव्हवर घ्या. मग नव्या फोनवर आधी निरोप आणि नंतर बाकीचे. आयफोन सोडून अँड्रॉइडवर येणाऱ्याने जुन्या फोनवरचे आयमेसेज आठवणीने बंद करावे, नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे संदेश जुन्याच पत्त्यावर जात राहतात. सगळे पाहून झाले, वकीलसाहेबसुद्धा सापडले, म्हणजे जुना फोन पूर्ण पुसून द्यावा.

हा लेख मी फोनवर, युनिकोडमध्ये लिहिला आहे. अंकाची जुळणी मात्र छापखान्यात जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होते आणि मजकूर तेथे रूपांतरित करून घ्यावा लागतो. त्या प्रवासात अर्धा ‘र’ हटकून पडतो. तेव्हा शीर्षकात ‘बिर्हाड’ छापले गेले असेल, तर संपादक मंडळाला दोष देऊ नये. त्यांनी मुद्रिते दोनदा तपासली आहेत.